सात नंबरला का बसवलं? एका टीमच्या मिनिटांच्या भांडणाचं प्रकरण

बेळगावातल्या एका मंडळाच्या बास्केटबॉल टीमची ही गोष्ट आहे. मंडळाचं, गल्लीचं, खेळाडूंचं आणि सरांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, पोरांना जर्सीच्या नंबरनंच ओळखायचं, तसंही कट्ट्यावर सगळे नंबरनंच बोलत होते. मी त्या वेळी मंडळाच्या कमिटीत होतो आणि मॅचच्या वेळी स्कोअर लिहायच्या टेबलावर बसायचो, त्यामुळं सरांची बाजू, पोरांची बाजू आणि प्रेक्षकांची बाजू तिन्ही जवळून ऐकायला मिळाल्या.

पार्श्वभूमी

टीम १२ जणांची. काही शहापूर-वडगावकडचे, काही टिळकवाडीचे, एक खानापूरच्याही पुढच्या गावातला, दोघं-तिघं घरी कन्नड बोलणारे. कॉलेजची पोरं जास्त, पण ९ नंबर उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, शिफ्ट सुटली की तसाच किट घेऊन ग्राउंडवर यायचा. सर धारवाडकडचे, रिटायर्ड पीटी टीचर, मराठी कळतं सगळं पण बोलताना मधेच कन्नडवर जातात. माणूस एकदम शिस्तीचा आणि पगार म्हणाल तर नावापुरता. अशा माणसाला मंडळानं जपायला हवं असं माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे.

स्पर्धा आपल्याच शहरात होती, संध्याकाळी लाइट लावून, सिमेंटच्या कोर्टवर, आणि घरची स्पर्धा म्हटल्यावर गर्दी तर होणारच. आधी ग्रुपच्या ३ मॅच, मग क्वार्टर फायनल, सेमी, फायनल. नियम नेहमीचे आंतरराष्ट्रीय, म्हणजे १० मिनिटांचे ४ क्वार्टर आणि ५ फाउल झाले की खेळाडू बाहेर.

इथं एक हिशोब आधीच मांडून ठेवतो, कारण सगळं भांडण त्याच्याभोवतीच फिरतं. मॅच ४० मिनिटांची, कोर्टवर ५ जण, म्हणजे सरांच्या हातात वाटायला एकूण २०० मिनिटं. बारा जणांना सारखी वाटली तर प्रत्येकाला १७ सुद्धा येत नाहीत. तिघांना ३६-३६ दिली की १०८ गेली, उरलेल्या ९ जणांत ९२. कट्ट्यावर जो तो म्हणायचा ह्याला वाढवा, त्याला वाढवा, पण कुणाची कापायची ते एकही जण सांगत नव्हता.

भांडण पेटलं कुठून

पहिल्याच मॅचमध्ये. ७ नंबर म्हणजे आमचा शूटर, गल्लीचा लाडका, लांबून बॉल सोडला की लहान पोरं आधीच ओरडायला लागतात. तिसऱ्या क्वार्टरची ३ मिनिटं बाकी असताना त्याचा चौथा फाउल झाला आणि सरांनी त्याला बाहेर घेतलं. ते ठीक, कुणीही घेतलं असतं. पण चौथा क्वार्टर सुरू झाला तरी तो बेंचवरच. समोरची टीम हळूहळू पुढं सरकत गेली, मागून आवाज सुरू झाले, "सातला घाला की ओ सर", "सर काय करूलालेत काय कळंना", आणि सर हाताची घडी घालून उभे. शेवटी ४ मिनिटं राहिल्यावर त्याला पाठवलं तेव्हा आपण ९ पॉइंटनी मागं. त्यानं आल्या आल्या दोन थ्री (लांबून मारलेले ३ पॉइंटचे बास्केट) मारले, मॅच रंगली, पण शेवटी ३ पॉइंटनी हरलो. आणि त्याचे फाउल मॅच संपली तेव्हाही चारच होते, पाचवा शिल्लकच राहिला.

झालं, त्या रात्री ग्राउंडबाहेरच्या चहाच्या गाड्यावर दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणे, पाचवा फाउल होईल म्हणून भिऊन ९ मिनिटं बसवलंत, मग फाउल आउट होऊन ९ मिनिटं बाहेर बसला असता तर काय वेगळं झालं असतं? दुसरी पार्टी म्हणे, शेवटच्या दोन मिनिटांत तो लागतोच, तेव्हा तो बाहेर असता तर तुम्हीच सरांना शिव्या घातल्या असत्या.

मला दोन्ही बाजूंत तथ्य वाटतं, पण पहिली बाजू जड वाटते. फाउल आउटची भीती ही मिनिटं जाण्याची भीती असते, आणि ती टाळायला आपणच मिनिटं घालवली तर हाती काय राहिलं. तिसऱ्या क्वार्टरची उरलेली ३ मिनिटं बसवणं बरोबर होतं, चौथ्याची पहिली २ सुद्धा एकवेळ चालली असती. सहा जास्त झाली. चौथ्याची साधारण ७ मिनिटं बाकी असताना त्याला घालून झोन डिफेन्स (एकेका खेळाडूला धरण्याऐवजी प्रत्येकानं आपापली जागा राखायची) लावला असता आणि त्याला कोपऱ्यात ठेवला असता तर फाउलचा धोका कमी झाला असता. सरांना हे माहीत नव्हतं असं नाही, ते नंतर म्हणाले की झोनची प्रॅक्टिसच पुरेशी झाली नव्हती म्हणून लावला नाही. हे कारण पटण्यासारखं आहे, फक्त ते त्या रात्री कुणाला कळलं नाही.

अकरा नंबरचं वेगळंच

दुसरा वाद ११ नंबरचा. हा उंच पोरगा, रिबाउंडला, म्हणजे बास्केट चुकून परत आलेला बॉल पकडायला, आमच्याकडं त्याच्यासारखा कुणी नाही. राहायला खानापूरच्या पुढं जांबोटीच्या बाजूला एका गावात. प्रॅक्टिस संध्याकाळी ६ ला सुरू व्हायची आणि ह्याला गावची वस्तीची गाडी पकडायची म्हणून प्रॅक्टिस संपायच्या अर्धा तास आधी निघावं लागायचं, गाडी चुकली की रात्र खानापूर स्टँडवरच. सरांचा नियम असा की प्रॅक्टिसला शेवटपर्यंत थांबणाराच सुरुवातीच्या पाचात. त्यामुळं ११ नंबर कायम बेंचवरून यायचा.

त्याच्या गावची माणसं मॅचला क्रुझर भरून यायची. इतक्या लांबून आलेल्या माणसांना सुरुवातीच्या पाचांची नावं पुकारताना आपला पोरगा दिसत नाही म्हटल्यावर वाईट वाटणारच. त्यातले एक मामा मला टेबलापाशी येऊन म्हणाले, "गरिबाच्या पोराची गाडी लवकर सुटते हा त्याचा गुन्हा काय ओ?" ह्याला मी काय उत्तर देणार.

पण सरांचंही बघा. ९ नंबर दिवसभर फौंड्रीत भट्टीजवळ उभा राहून येतो आणि शेवटपर्यंत थांबतो, त्याला डावलून लवकर जाणाऱ्याला सुरुवात दिली तर उद्या नियम कोण पाळेल. प्रॅक्टिस ५ ला घ्यावी तर ९ नंबरची शिफ्ट सुटत नाही, ६ ला घ्यावी तर ११ ची गाडी जाते.

सुरुवातीच्या पाचात असणं आणि मॅचमध्ये महत्त्वाचं असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रेक्षकांना पटवणं अवघड जातं. अमेरिकेतल्या एनबीए लीगमध्ये मनू जिनोबिली सॅन अँटोनियोकडून कितीतरी वर्षं बेंचवरून उतरायचा, २००८ ला तर बेंचवरच्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस त्यालाच मिळालं, आणि ४ वेळा चॅम्पियन टीममध्ये होता. आंद्रे इग्वोडाला २०१५ च्या अख्ख्या सीझनमध्ये गोल्डन स्टेटसाठी एकदाही सुरुवातीला खेळला नव्हता, फायनलच्या चौथ्या मॅचला स्टीव्ह कर यांनी उंच सेंटरला काढून त्याला सुरुवात दिली आणि शेवटी फायनलचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. ही उदाहरणं कट्ट्यावरच्या पोरांना तोंडपाठ होती. पण टीव्हीवरच्या जिनोबिलीचं पटतं आणि स्वतःच्या गावच्या पोराचं पटत नाही, हे मी समजू शकतो.

भाषेचा विषय निघाला

दुसऱ्या दिवशी कुणीतरी नको ती ठिणगी टाकली. सर कन्नड, ५ नंबर कन्नड, ५ नंबर पूर्ण मॅच खेळतो आणि आपली मराठी पोरं बाकावर. आपल्या भागात हा विषय एकदा निघाला की बास्केटबॉल बाजूलाच राहतो, सगळे जुने हिशोब वर येतात. ५ नंबरच्या कानावर हे गेलं. तो पोरगा लहानपणापासून ह्याच गल्लीत गणपतीला ढोल वाजवत मोठा झालेला, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल. दुसऱ्या मॅचच्या वॉर्मअपला तो कुणाशी बोलत नव्हता.

ह्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. सरांच्या निर्णयावर टीका करायचा हक्क प्रेक्षकांना शंभर टक्के आहे, पण पोराच्या घरात कुठली भाषा बोलतात ते मधे आणणं चूकच, आणि त्यावर कमिटीनं त्याच रात्री बोलायला हवं होतं.

कमिटीसमोर काय पर्याय होते

दुसऱ्या मॅचच्या आदल्या रात्री बैठक झाली, देवळाच्या मागच्या खोलीत. चर्चा लांबली, आवाज चढले.

सगळ्यात जोरात मांडलेला पर्याय म्हणजे टीम कमिटीनं ठरवायची. जर्सीचा खर्च उचललेले एक दुकानदार काका होते, त्यांचा पुतण्या टीममध्ये, १२ मधला दहावा-अकरावा. काका माणूस चांगले, वाईट हेतू नव्हता, पण त्यांचं म्हणणं असं की पैसे आम्ही घालायचे, लोक आमच्या नावावर येणार, तर निदान सुरुवातीचे पाच आम्हाला विचारून ठरवा. नियमानं मॅचच्या किमान १० मिनिटं आधी कोच सुरुवातीचे पाच स्कोअरशीटवर दाखवून सही करतो. आमच्यातले एक जुने खेळाडू काकांना शांतपणे म्हणाले, "काका, सही सरांची, हरलो तर शिव्या सरांना, मग नावं तुमची कशी?" त्यावर काका बराच वेळ गप्प होते, शेवटी म्हणाले राहू दे. माझ्या मते बैठकीतला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. तिथं कमिटी वाकली असती तर पुढं कुठलाही चांगला कोच आपल्याकडं आला नसता.

दुसरा पर्याय म्हणजे काहीच करायचं नाही, दोन मॅच जिंकल्या की लोक विसरतील. बऱ्याच जणांना हेच सोयीचं वाटत होतं.

तिसरा, सरांना सगळ्यांसमोर उभं करून खुलासा मागायचा. हा मला अजिबात पटला नाही. ७ नंबरला का बसवलं ते पहिल्यांदा ७ नंबरला कळायला हवं, मग बाकीच्यांना. पोरगा ते कारण कट्ट्यावरून ऐकणार असेल तर त्याचा सरांवरचा विश्वास जाईल.

चौथा पर्याय कॉलेजच्या दोन पोरींनी मांडला, त्या स्वतः युनिव्हर्सिटी टीमकडून खेळलेल्या. त्या म्हणाल्या, तुम्ही सगळे मिनिटांवरून भांडताय, पण मिनिटं मोजलीत कुणी? आणि खरंच की, आपल्या स्कोअरशीटवर मिनिटं नसतातच. कोण खेळायला उतरला त्याच्यापुढं फुली, सुरुवातीच्या पाचांच्या फुलीला गोल, बाकी पॉइंट आणि फाउल. एक मिनिट खेळलेला आणि ३० मिनिटं खेळलेला बदली खेळाडू कागदावर सारखेच दिसतात.

काय केलं

ठरलं असं की सरांचा अधिकार सरांकडंच, त्यात कुणी हात घालायचा नाही. सरांनी प्रत्येक खेळाडूला एकेकट्याला बोलवून त्याचं काम काय आणि साधारण किती वेळ मिळेल ते सांगायचं. आणि त्या दोघी वही घेऊन टेबलामागं बसणार, प्रत्येक बदलीला घड्याळ किती आणि स्कोअर किती ते लिहिणार. एवढंच. त्यावरून कोण किती खेळला आणि तो असताना आपण किती पुढं-मागं गेलो ते आपोआप निघतं.

सरांना वहीबद्दल सांगायला मीच गेलो. आधी नाराज झाले, त्यांना वाटलं पाळत ठेवताय. मी म्हटलं सर, वही पहिल्यांदा तुम्हालाच दाखवणार, तुम्ही नको म्हणालात तर बाहेर जाणार नाही. मग "नोडोण" (बघूया) म्हणाले, आणि वर एकदम हसून, "चार फाउलचं पण लिहा."

दुसरी आणि तिसरी मॅच जिंकलो. पण दोन्हींत एक गोष्ट सारखी झाली, तिसऱ्या क्वार्टरअखेर चांगली आघाडी आणि चौथ्यात ती वितळली, शेवटी कसंबसं निभावलं.

वहीत काय निघालं

७ नंबर दोन्ही मॅचमध्ये ३३-३४ मिनिटं खेळला होता. ज्याला बसवतात म्हणून सगळे रडत होते तो मिनिटांत टीममध्ये दुसरा. लोकांच्या डोक्यात पहिल्या मॅचची ती ९ मिनिटंच बसली होती. ११ नंबर बेंचवरून येऊन २२-२३ मिनिटं, म्हणजे सुरुवात करणाऱ्या एका पोरापेक्षा जास्त, आणि दोन्हींत शेवटच्या ५ मिनिटांत कोर्टवर. मॅच सुरू कोण करतो ते सगळ्यांनी बघितलं, संपवतो कोण ते कुणी बघितलंच नाही.

आणि ५ नंबर? एका मॅचला ३९ आणि दुसऱ्याला पूर्ण ४०. हा आमचा पॉइंट गार्ड, बॉल आणणारा, समोरची टीम प्रेस करते, म्हणजे बॉल पुढं आणतानाच अंगावर येऊन अडवते, तेव्हा सगळा ताण ह्याच्यावर. आणि त्याच्या हातून बॉल गेला ते जवळपास सगळं चौथ्या क्वार्टरमध्ये. आघाडी वितळत होती ती इथून. ज्याला लाडका म्हणून बोट दाखवत होते त्या पोराचं खरं तर दमून पिठलं झालं होतं, आणि एकानंही कधी म्हटलं नव्हतं की ह्याला दोन मिनिटं बसवा. कुणी म्हणालं कोबी ब्रायंट सुद्धा ४० मिनिटं खेळायचाच की. खेळायचा, पण तिकडं एनबीएत मॅच ४८ मिनिटांची असते, ८ मिनिटं बसून. आमच्या ५ नंबरला एका मॅचला तर आठ सेकंदही मिळाले नव्हते.

म्हणजे अख्खा आठवडा ७ आणि ११ वरून भांडलो आणि दुखणं ५ नंबरच्या जागी होतं. त्याला बदली म्हणून १४ नंबर होता, शांत पोरगा, हात चांगला, पण लहान आणि प्रेसला घाबरतो म्हणून सर त्याला उतरवत नव्हते.

वहीतल्या पुढं-मागंच्या आकड्यांवर मात्र मी फार भरवसा ठेवणार नाही. दोन मॅचमध्ये तो आकडा कसाही फिरतो, चांगल्या चौघांबरोबर उतरलेला पाचवाही चांगलाच दिसतो. मिनिटं मात्र मिनिटंच.

सरांनी काय बदललं

वही सरांनी घरी नेली. दुसऱ्या दिवशी १४ नंबरला अर्धा तास एकट्याला घेऊन बसले, आणि क्वार्टर फायनलला एक साधी पण हुशारीची गोष्ट केली. पहिला क्वार्टर संपायला दीड मिनिट असताना ५ ला बाहेर, मधली २ मिनिटांची सुट्टी, आणि दुसऱ्याच्या सुरुवातीची २ मिनिटं अजून बाहेर. तसंच तिसऱ्या-चौथ्याच्या सांध्यावर. घड्याळातली मिनिटं गेली सात, पण प्रत्येक शिट्टीला घड्याळ थांबतं आणि वर सुट्टी, त्यामुळं प्रत्यक्षात पोराला दोन वेळा चांगली सात-आठ मिनिटं श्वास घ्यायला मिळाली. त्या वेळात १४ नं एकट्यानं बॉल आणायचा नाही, ७ नं त्याला मदतीला मागं यायचं, हेही ठरवून.

पहिल्या वेळी १४ नं दोनदा बॉल घालवला आणि मागून ओरडा झाला. सरांनी काढला नाही. माझ्या मते अख्ख्या स्पर्धेतला हा सरांचा सगळ्यात धाडसी निर्णय, कारण त्या क्षणी त्याला ओढून घेतला असता तर पोरगा परत कधी उभा राहिला नसता. चौथ्या क्वार्टरला ५ नंबर असा पळत होता की समोरच्यांना प्रेस सोडून मागं जावं लागलं. मॅच जिंकलो, आघाडी टिकवून.

निकाल

सेमीला हरलो. समोरची टीम उंच होती, रिबाउंड सगळे त्यांचे, आणि ७ नंबरचा पाचवा फाउल शेवटची अडीच मिनिटं असताना झाला. ह्या वेळी सरांनी त्याला चौथ्या फाउलनंतर लगेच परत उतरवलं होतं, म्हणजे लोक जे मागत होते तेच. तरी गाड्यावर एक जण म्हणालाच, अजून थोडा वेळ बसवायला पाहिजे होतं. पण त्याला दहा जणांनी उत्तरं दिली, घड्याळासकट, आणि भाषेचा विषय कुणी काढला नाही. ११ च्या गावचे मामा जाताना सरांना भेटून गेले.

वेगळं काय करता आलं असतं

एकेकट्याशी बोलण्याचं काम स्पर्धेच्या आधी व्हायला हवं होतं. तुला सुरुवात नाही पण शेवट तुझा, हे ११ ला महिनाभर आधी कळलं असतं तर त्यानंच घरच्यांना सांगितलं असतं, आणि मामांना टेबलापर्यंत यावं लागलं नसतं.

१४ ला प्रॅक्टिस मॅचमध्ये प्रेसविरुद्ध खेळवायला हवं होतं. घरच्या गर्दीसमोर पहिल्यांदा शिकायला लावणं त्या पोरावर अन्याय होता. आणि वही पहिल्या मॅचपासून असती तर कदाचित ती मॅचही निघाली असती, तेव्हाही ५ नंबर पूर्ण ४० खेळला होता असं त्या दोघींचं म्हणणं आहे.

प्रॅक्टिसच्या वेळेचा गुंता अजून सुटलेला नाही. रविवारी सकाळी एक मोठी प्रॅक्टिस घ्यायची आणि हजेरी तिच्यावर धरायची असं मी सुचवलंय, म्हणजे ९ ची शिफ्ट आणि ११ ची गाडी दोन्ही आड येणार नाहीत. सर अजून हो म्हणालेले नाहीत, त्यांचं म्हणणं आठवड्यातून एकदा पूर्ण थांबणं म्हणजे थांबणं नव्हे. जूनच्या आत हे ठरवावं लागेल, कारण एकदा आपल्याकडचा पाऊस लागला की सिमेंटच्या कोर्टवर प्रॅक्टिसच बंद.